बारवेजवळची मांजरं

तुमच्या घरात मांजर मेलं, तर ते तुम्ही शेजाऱ्याला सांगाल का? खरं उत्तर द्या. बैल गेला तर अख्खी गल्ली दारात येऊन बसते. म्हैस गेली तर बायका पदर डोळ्याला लावतात. कोंबडी मेल्याचं तर आपण हसत हसत सांगतो. मांजराचं मात्र कुणी तोंडातून काढत नाही. घरात मांजर मरणं म्हणजे पाप आणि ते फेडायचं तर सोन्याचं मांजर करून काशीला नेऊन द्यायचं, हे मी लहानपणापासून ऐकत आले. सोन्याचं मांजर केलेला माणूस आमच्या तालुक्यात मी अजून पाहिलेला नाही. गप्प बसलेली माणसं मात्र मोप पाहिली. या गप्प बसण्यापायी एका बाईवर भर दुष्काळात गाव सोडायची पाळी आली होती. त्याच वर्षी मी आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीपुढे थक्क होऊन उभी राहिले. ती गोष्ट डोळ्यांना दिसत नव्हती.

आमचा छापखाना अहमदपुरात, स्टँडकडून मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे, जाणाऱ्या रस्त्यावर. पुढे ट्रेडल मशीन, मागे आम्ही. मी उलटी अक्षरं आधी शिकले, सुलटी नंतर. कारण शिशाच्या खिळ्यांवर अक्षर उलटंच असतं. पाटीवर गिरवायच्या वयात मी पत्रकं वाचत होते. वसतिगृह द्या, पाणी द्या, हुंडा बंद करा, पुढे विद्यापीठाला नाव द्या, नाव देऊ नका, जिल्हा द्या. आप्पा, म्हणजे माझे वडील, कपाळाला भस्म लावून मशीनवर उभे राहायचे आणि कुणाचंही पत्रक छापायचे. मला त्यातलं निम्मं पटायचं नाही आणि त्यावरून आमचं रोज भांडण. जेवताना मी भाषण करायची आणि आई म्हणायची, आधी भाकर गिळ, मग क्रांती कर.

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्याकडे कामाचा पूर आला होता. शाळांचे दाखले, सोसायट्यांच्या पावत्या, ग्रामपंचायतीचे नमुने, सगळीकडे ‘उस्मानाबाद’ काढून ‘लातूर’ बसवायचं होतं. आप्पा म्हणायचे, पाच अक्षरांचा जिल्हा जाऊन तीन अक्षरांचा आला, आपले खिळे वाचले. पुढच्या वर्षांत पाऊस गेला तेव्हा त्यांनीच म्हटलं की जिल्हा नवा असला तरी आभाळ जुनंच आहे.

छापखान्यात मांजर लागतंच. पुस्तकबांधणीची खळ पिठाची असते. तिच्या वासानं उंदीर येतात आणि खळीबरोबर कागदही खातात. म्हणून आमच्याकडे एक भाटी, म्हणजे मांजरी, होती, राखाडी अंगावर काळे पट्टे. ती कागदाच्या रिमांवर झोपायची. मशीन सुरू झालं की कान हलवायची, बंद झालं की डोळे उघडायची. मांजर विकत आणायचं नसतं, म्हणून तिच्या बदल्यात आईनं कुणाला तरी गुळाचा खडा दिला होता.

मी तेव्हा लातूरला कॉलेजात होते आणि शनिवारी एस.टी.नं घरी यायची. त्या उन्हाळ्यात गावात टँकर सुरू झाले होते. पाण्याला ब्लीचिंग पावडरचा इतका वास यायचा की चहासुद्धा धुतल्यासारखा लागायचा. हंड्यांच्या रांगा दुपारपासून लागत. दुष्काळी कामावर खडी फोडायला लोहा, भोकर, पार देगलूरकडून माणसं आली होती. त्यांतलं एक जोडपं गावाबाहेरच्या कोरड्या बारवेजवळ, पायऱ्यांच्या जुन्या विहिरीजवळ, राहायला आलं. पत्रा आणि बारदान लावून त्यांनी खोपट उभं केलं. नवरा आठवडा-आठवडा कामावरच राहायचा. बाई तिथे एकटी. तिचं मराठी देगलूरकडचं, मध्येच तेलुगू यायचं. मूलबाळ नव्हतं. आमच्या गल्लीनं तिला एवढ्यावरून जोखून टाकलं होतं.

मग मांजरं मरायला लागली.

एका शनिवारी घरी आले तर भाटी दिसेना. आप्पा म्हणाले, दोन-तीन दिवस आजारी होती. खात नव्हती, पिवळं पिवळं ओकत होती. आणि एक गोष्ट त्यांनी सांगितली ती माझ्या मनातून गेली नाही. ती पाण्याच्या वाटीपाशी जाऊन बसायची, वाटीच्या काठावर हनुवटी ठेवायची, पाण्याकडे बघत राहायची आणि प्यायची नाही. गाव हंडाभर पाण्यासाठी एकमेकांच्या झिंज्या उपटत होतं आणि हा जीव तोंडाशी पाणी असून तासन् तास नुसता बसून होता. आप्पांनी बोट बुडवून तिच्या ओठाला लावलं तर तिनं ते चाटलंही नाही. मग एका सकाळी ती नव्हतीच. आईला विचारलं तर ती म्हणाली, गेली कुठं तरी. आणि ज्वारी निवडायला बसली.

आठ-पंधरा दिवसांत मोंढ्यातल्या आडतींमधली मांजरं गेली, तेल्याच्या गल्लीतली गेली. कुणाच्या घरी मांजर मेलं म्हणून ऐकू येईना. ऐकू एवढंच येई की मेलेली मांजरं बारवेजवळ सापडतात, त्या देगलूरकडच्या बाईच्या खोपटासमोर. ज्यांनी जाऊन पाहिलं ते सांगत की ती बाई मरायला टेकलेल्या मांजरांसमोर करवंटीत पाणी ठेवते आणि त्यांच्याशी तेलुगूत बोलते. लोक विचारू लागले, एवढं प्यायला पाणी नाही आणि ही मांजरांना पाजते, हिला पाणी येतं कुठून? आणि मांजरं मरायला हिच्याच दारात का जातात?

आमच्या भागात अशा प्रश्नाचं उत्तर तयार असतं. भानामती. कुणाच्या ताटात खडे पडतात, कुणाचे कपडे पेट घेतात, कुणाची सून कुत्र्यासारखी भुंकते, आणि मग एका बाईचं नाव पुढे येतं. ती बाई नेहमी एकटी असते, परगावची असते किंवा विधवा असते. भानामती कधी सावकाराच्या बायकोनं केल्याचं ऐकलंय का कुणी? मी हे सगळ्यांना तावातावानं विचारत फिरले. सगळे माझ्याकडे कॉलेजात शिकणाऱ्या पोरीकडे बघतात तसं बघायचे.

अशात मला उन्हाळ्याची सुट्टी लागली आणि भाटी परत आली. हाडांचा सापळा झालेली, अंगाला काटे-कुसळं. ती कुणाकडे न बघता सरळ रिमांच्या मागे शिरली. ती गाभण होती. काही आठवड्यांनी तिनं तिथेच तीन पिल्लं घातली. एक लगेच गेलं. दोन वाढली. डोळे उघडले, चालायची वेळ आली.

ती पिल्लं चालत नव्हती, डुलत होती. चारही पाय फाकवून उभी राहायची. डोकं सारखं होकार दिल्यासारखं हलायचं. दुधाच्या बशीकडे निघायची आणि बशी ओलांडून पुढे जाऊन पडायची. पुन्हा उठायची. पुन्हा नेम धरायची. झेप घ्यायला गेली की मागचे पाय पुढच्यांच्या पुढे जायचे. झोपली की मात्र सगळं थांबायचं, एकदम शांत, कुठल्याही पिल्लासारखी.

शेजारच्या आक्का विरजण मागायला आल्या होत्या. त्यांची आडत होती, मोंढ्यात वजन होतं. त्यांनी पिल्लू पाहिलं आणि भांडं तसंच ठेवून दोन पावलं मागे सरकल्या.

“पोटातल्या जीवाला बी सोडलं न्हाई तिनं,” त्या म्हणाल्या. “आता मांजराचं झालं. उद्या आपल्या सुनांचं हाय.”

ते वाक्य संध्याकाळपर्यंत मोंढा ओलांडून गेलं होतं. आता लोकांच्या हातात पुरावा होता, चालता, पडता, मान हलवणारा पुरावा, आणि तो आमच्याच घरात होता.

दुसऱ्या दिवशी आक्कांचे मालक छापखान्यात आले. आप्पांसमोर त्यांनी एक कागद ठेवला. गावातील मुक्या जनावरांवर करणी होत असून समस्त बंधू-भगिनींनी येत्या सोमवारी महादेवाच्या देवळासमोर जमावे आणि सदर बाईस गावाबाहेर घालवण्याचा निर्णय घ्यावा, असा मजकूर. माणूस वाईट नव्हता. आप्पांच्या आजारपणात रात्र रात्र बसलेला होता. त्याच्या आडतीतला बोका गेला होता, पोत्यांत उंदीर शिरले होते आणि तो मनापासून घाबरला होता.

ते गेल्यावर मी म्हणाले, हे आपल्या मशीनवर छापलं जाणार नाही. आप्पांनी चष्मा काढून पुसला.

“न्हाई छापत. मग? नांदेडहून छापून आणतील, इथून फार लांब न्हाई. कागद अडवून काय होतं पोरी? त्यांच्या डोक्यात जे छापलंय ते कसं पुसती?”

मला राग आला. मी एवढंच म्हणाले की सोमवारपर्यंत कागदाला हात लावू नका. एक पिल्लू मी जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, कापडी पिशवीत ठेवलं आणि, तालुक्याच्या दवाखान्यात मांजर कुणी बघितलं नसतं म्हणून, लातूरची गाडी धरली. कंडक्टरनं पिशवीत डोकावून विचारलं की हे हो म्हणतंय ते कशाला? मी म्हटलं, तिकिटाला.

लातूरला जिल्हा झाल्यावर कार्यालयं जिथे जागा मिळेल तिथे भरली होती. जनावरांच्या डॉक्टरांची पाटी एका भाड्याच्या घरावर होती. बाहेर बैल, शेळ्या, चाऱ्यासाठी अर्ज घेऊन आलेली माणसं. माझी पाळी आली तेव्हा टेबलावर पिल्लू पाहून शिपाई हसला. डॉक्टर हसले नाहीत. ते खुर्ची ओढून बसले, हनुवटी टेबलाला टेकवली आणि पिल्लाच्या उंचीवरून त्याच्याकडे बघत राहिले. पिल्लू त्यांच्या नाकाकडे निघालं, चुकलं आणि त्यांच्या कानावर जाऊन आदळलं.

“पुस्तकात वाचलं होतं,” ते हळू म्हणाले. “पाहिलं आज.”

मग त्यांनी विचारलं, याची आई गाभण असताना आजारी होती का? ओकत होती का? पाण्यावर मान टाकून बसायची का? वीस कोसांवर बसलेला हा माणूस, त्यानं आमची भाटी कधी पाहिली नव्हती, आणि तिची बसण्याची रीत त्याला माहीत होती.

त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, फेलाइन पॅनल्युकोपेनिया. म्हणाले, नाव राहू दे, अर्थ धर. रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या अंगाची राखण करतात. या आजारात त्या जवळजवळ संपून जातात. आणि फेलाइन म्हणजे मांजरकुळातलं. त्यात तुमच्या छापखान्यातली भाटी आली, रानमांजर आलं, बिबट्या आला, किनवटच्या जंगलातला वाघही आला. हा विषाणू त्या वाघालाही आडवा करू शकतो. याच्याच भावकीतला एक काही वर्षांपूर्वी कुत्र्यांत दिसू लागलाय. माणसाला मात्र हा काही करत नाही.

मी विचारलं, विषाणू जिवंत असतो का? ते म्हणाले, यावर मोठी मोठी माणसं भांडतात. त्याला तोंड नाही, पोट नाही, श्वास नाही. साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसतही नाही. मातीत, पोत्याच्या धाग्यात, चपलेच्या तळाला तो वर्षभर पडून राहू शकतो, आमच्याकडच्या उन्हाळ्यातसुद्धा. मग एखादं मांजर तिथे पाय ठेवतं, तो पाय चाटतं, आणि तो जागा होतो. अंगात गेला की वाढणाऱ्या पेशी शोधतो. शरीरात जिथे नवं काही घडत असतं तिथेच तो जातो. हाडांच्या मगजात, जिथे रक्त तयार होतं. आतड्यात, जिथे अस्तर रोज नवं होतं. आणि पोटातल्या पिल्लाच्या मेंदूत, मागच्या बाजूला जो लहान मेंदू असतो तिथे. तोल तिथून सांभाळला जातो. हा लहान मेंदू तेव्हा घडत होता आणि घडायचा राहिला.

“म्हणजे हे असंच राहणार?”

“असंच. पण याहून वाईट होणार नाही. दुखत नाही त्याला. त्याला वाटतंय की जगच हलतंय आणि आपण त्याच्याबरोबर चाललोय. खाऊ घाल, पडू दे, मोठं होईल.”

पिल्लू तोवर दौतीपर्यंत पोचलं होतं. मी त्याच्याकडे बघत राहिले. आमच्या घरात रोज देव, धर्म आणि सरकार यांवर भांडणं व्हायची आणि मला वाटायचं की जगातल्या मोठ्या गोष्टी मला कळल्या आहेत. इथे हाताच्या ओंजळीत मावणाऱ्या जीवात कुणीतरी न दिसणारं येऊन गेलं होतं आणि तरी तो जीव दौतीचं झाकण हुंगत होता. मला रडू आलं नाही. मी गप्प झाले. हे माझ्याबाबतीत फारसं होत नाही.

निघताना मी डॉक्टरांना बारवेची गोष्ट सांगितली. ती बाई, तिच्या दारात मेलेली मांजरं, सोमवारची सभा. ते हात धूत होते. हात तसेच ओले ठेवून त्यांनी विचारलं की बारव गावापासून किती लांब आहे? मी म्हटलं, चांगली पायपीट आहे.

“मग ऐक. या आजारात मांजर जागचं हलत नाही. पाण्यापर्यंत गेलं तरी मान उचलायची ताकद नसते. ते एवढं चालत जाऊन मरणार नाही. ही मांजरं कुणीतरी नेऊन ठेवलीत.”

परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसले होते. बाहेर काळी भेगाळलेली रानं. मला एकच दिसत होतं. त्या विषाणूकडे स्वतःचं काहीच नाही. त्याच्याकडे फक्त मजकूर आहे. छापखाना तो दुसऱ्याचा वापरतो. कागद दुसऱ्याचा, शाई दुसऱ्याची, हात दुसऱ्याचे, आणि हजारो प्रती काढून मशीन मोडून टाकतो. पत्रकांच्या घरात वाढलेल्या मला एवढं शक्तिमान पत्रक कधी माहीत नव्हतं.

घरी आले तेव्हा आई चुलीपुढे होती. मी तिला सगळं सांगितलं. लहान मेंदूचं, वाघाचं, पांढऱ्या पेशींचं. ती भाकरी थापत राहिली. शेवटी मी म्हणाले, आई, मांजरं चालत जात नाहीत. कुणीतरी नेतं. भाकरी तव्यावर पडली आणि तिनं हात झटकले नाहीत.

“मंग काय करू?” ती म्हणाली. “घरात मरू देऊ व्हय? तुझं लग्न व्हायचंय.”

तिनं भाटीला पोत्यात घातलं होतं. पहाटे रानात जाणाऱ्या बायांच्या मागे मागे जाऊन बारवेच्या पायऱ्यांवर पोत्याचं तोंड उघडं करून ठेवलं होतं. खोपटाकडे तिनं वळूनही पाहिलं नव्हतं, उजाडायच्या आत ती परतली होती. आप्पांना सांगितलं नव्हतं. कुणालाच सांगितलं नव्हतं. “परत आली तवा माझ्याकडं बघितलं न्हाई तिनं,” आई म्हणाली. “अजून बघत न्हाई.”

मी विचारलं, रस्त्यात आणखी कुणी पोतं घेतलेलं दिसलं का? तिनं भाकरी उलटली. मग म्हणाली की बारवेच्या पायऱ्यांवर आधीच दोन-तीन रिकामी पोती पडलेली होती. तेव्हा तिनं त्याचा विचार केला नव्हता.

एवढंच होतं सगळं. पाप लागू नये म्हणून गल्लीगल्लीतल्या बाया आपलं आजारी मांजर चोरून त्याच एका जागी नेऊन ठेवत होत्या, कारण बारव सगळ्यांच्याच मते कुणाची नव्हती. कुणी पोतं परत आणलं की त्याच्याबरोबर विषाणू परत येत होता. शेजारणीचं पोतं उसनं नेलं की तो शेजारणीकडे. आणि प्रत्येकीला वाटत होतं की आपलं एक सोडून बाकीची सगळी मांजरं त्या बाईनं मारली. पुरुषांना तर काहीच माहीत नव्हतं. ते खरोखरच भानामतीला घाबरले होते.

मी लगेच पत्रक लिहायला बसले. मथळासुद्धा ठरवला. आप्पांनी वाचलं आणि म्हणाले की झकास लिहिलंस, छापतो. पण हे वाचणार पुरुष. हे काम बायांचं आहे आणि बाया वाचत नाहीत. “कुणाला तरी तोंडानं बोलावं लागंल,” ते म्हणाले आणि आईकडे न बघता मशीनचं चाक पुसू लागले. आईनं सांगून टाकलं की ती बोलणार नाही. भर रांगेत पाप सांगायचं, मग पोरीला कोण करून घेईल? मी म्हणाले, मला नको करून घेऊ देत. ती म्हणाली, तुला काय, तुला नवऱ्याशी बी भाषणच करायचंय.

रविवारी दुपारी टँकर आला. रांग लागली. देगलूरकडची बाई सगळ्यात शेवटी उभी होती. पुढच्या बायांनी तिचा हंडा पायानं मागे सारला. ती हंडा उचलून आणखी मागे गेली. आक्कांनी पुढून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की उद्यापासून हिला पाणी द्यायचं नाही, उद्या निकालच आहे.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई रांगेतून बाहेर पडली. तिच्या पदराखाली काहीतरी हलत होतं. तिनं ते डुलणारं पिल्लू टँकरखाली सांडलेल्या ओल्या मातीवर ठेवलं. बाया मागे सरकल्या, हंडे वाजले. पिल्लू उभं राहिलं, डोकं हलवत त्यानं ओल नेमकी हेरली आणि निघालं. डावीकडे पडलं. उठलं. उजवीकडे पडलं. उठलं. डबक्याशी पोचल्यावर त्याचं तोंड पाण्यात बुडलं, शिंकलं, आणि मग ते प्यायला लागलं. चपचप आवाज सगळ्यांनी ऐकला.

“ह्या पिल्लाच्या आईला मीच पोत्यात घालून बारवेला ठिवून आले,” आई म्हणाली. “दवाखान्यात कळलंय, साथ हाय ही. करणी बिरणी काही न्हाई. माझं मी सांगितलं. आता तुमचं तुमी सांगा. बाकीची कुणी ठिवली?”

टँकरची तोटी गळत होती. आक्का हंड्याकडे बघत होत्या. एक तरुण सून रडायला लागली आणि सासूनं तिला गप्प केलं. तेवढ्यावरून एका घराचं कळलं. मग तेलीणबाई म्हणाली की आमचा बोका मीच नेला, जड लई होता, वाटेत दोनदा खाली टेकवला. कुणीतरी फिस्सकन हसलं. हसण्याबरोबर काहीतरी सैल झालं. आणखी दोघी बोलल्या. बाकीच्या बोलल्या नाहीत, पण त्यांनी वर बघणंही सोडून दिलं. आक्कांनी आपला भरलेला हंडा उचलला, रांगेच्या शेवटाकडे गेल्या आणि तो त्या बाईसमोर ठेवून रिकाम्या हातानं घरी निघून गेल्या.

मला वाटलं होतं की ती बाई रडेल, आईचे पाय धरेल. पत्रकांत असंच होतं. ती पिल्लाजवळ उकिडवी बसली, त्याच्या मानेला बोट लावून मान हलते कशी ते बघितलं आणि आईला म्हणाली,

“इतकी मांजरं माझ्या दारात टाकली तुमी. एकीनं तरी सांगायचं व्हतं बाई. मी एकटी किती जणांना पाणी पाजू?”

ती तिच्या वाट्याच्या हंड्यातलं पाणी पाजत होती. मरणाऱ्या मांजराला पाणी पिता येत नाही हे तिला कळत होतं. तरी ती करवंटी पुढे करत होती, कारण समोर जीव होता. अख्ख्या गावात एवढं एकच माणूस होतं ज्यानं त्या मांजरांना मरताना एकटं सोडलं नव्हतं आणि त्याच माणसाला आम्ही हाकलायला निघालो होतो. मी खूप पुस्तकी शब्द शिकले होते. त्या दिवशी त्यांतला एकही वापरायची हिंमत झाली नाही.

सोमवारी देवळासमोर काही माणसं जमली आणि पाण्याच्या टँकरवर बोलून परत गेली. आक्कांचे मालक कागद परत न्यायला आले आणि आप्पांशी पावसावर बोलत बसले. टँकरवाल्याकडून ब्लीचिंग पावडर मागून घेतली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की फिनाइलनं हा विषाणू मरत नाही, उलट मांजराला त्यानं बाधा होते. मांजरं दुसरीकडे कोंडून आम्ही फरशा, पायऱ्या, वाट्या धुतल्या, पोती जाळली. साथ लगेच थांबली नाही. काही मांजरं नंतरही गेली, पण ती ज्याच्या त्याच्या घरी गेली, कोपऱ्यात, माणसांच्या नजरेसमोर. काही वाचली. गुळाचं-मिठाचं पाणी चमच्यानं पाजून तेल्याच्या घरचं एक वाचलं. डॉक्टर म्हणाले होते की जे यातून उठतं त्याला हा आजार बहुधा पुन्हा होत नाही. आमच्या भाटीला तर झाला नाहीच. बारवेजवळची जोडी खडीचं काम संपेपर्यंत राहिली. जाताना ती बाई दुसरं डुलणारं पिल्लू मागून घेऊन गेली. आईनं गुळाचा खडा मागितला नाही.

आमच्याकडचं पिल्लू आता थोराड मांजर झालंय. त्याला उडी मारता येत नाही, उंदीर धरता येत नाही. पण मशीन सुरू झालं की त्याच्या डोक्याचा आणि ट्रेडलचा ठेका जुळतो आणि आप्पा हातातलं काम ठेवून बघत बसतात.

परदेशात या आजारावर लस आहे. आमच्या तालुक्यात ती नाही, कारण जनावरांच्या दवाखान्यात मांजर कुणी नेतच नाही. आणि जे कुणी नेत नाही ते सरकारच्या लेखी आजारीही पडत नाही. म्हणून माझं तुमच्याकडे मागणं आहे. तुमचं मांजर खायचं बंद झालं, ओकायला लागलं, पाण्यापाशी नुसतं बसून राहिलं, तर त्याला घरातच इतर मांजरांपासून वेगळी, उबदार जागा द्या. त्याची वाटी, बसकण ब्लीचिंगनं धुवा. शेजाऱ्यांना त्याच दिवशी सांगा, म्हणजे ते आपली मांजरं सांभाळतील. आणि त्याला घेऊन तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जा. तिथे हसतील, नोंदवहीत मांजराचा रकाना नाही म्हणतील. हसू द्या. रकाना आखून घ्या, लस मागा, आणि मिळेपर्यंत दर साथीला पुन्हा जा.